वायच रव, फळ तापता

मथूबायच्या घरी थंड फळ मिळत नाही. आंबा असो, पेरू असो, अननस असो, ते आधी तव्यावर जातं आणि मगच बशीत येतं. बशीतही ते एकटं येत नाही. त्याच्या शेजारी चीजचा एक तुकडा असतो, घरच्या गाईच्या दुधाचा, मथूबायने स्वतःच्या हाताने केलेला. जेवणानंतर गोड म्हणून तेच, चहाच्या वेळी तेच. पोस्टमन आला तरी तेच आणि मीटर बघायला वीजवाला आला तरी तेच. कोणी भांडायला आलं तर त्याला दोन बशा मिळतात. तोंडात गरम फळ असलं की माणसाला ओरडता येत नाही, असा तिचा अनुभव आहे.

मी कट्टा गावाच्या बाजूला जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा मालवणी भाषा माझ्या डोक्यावरून जायची. मी कराडकडची. आमच्याकडे गाय आजारी पडली की माणसं सांगतात, चारा सोडलाय, ताप आहे, पोट फुगलंय. मथूबायचा पहिला फोन आला तो असा:

"डॉक्टर, गाय रुसली आसा."

"रुसली म्हणजे? खात नाही का?"

"खाता."

"दूध कमी देते?"

"दूध देता. पण मनापासून देना नाय."

आमच्या पाठ्यपुस्तकात हा आजार नव्हता. मी स्कूटर काढली आणि गेले.

कट्ट्याचा बाजार मागे टाकला की रस्ता काजूच्या बागांतून उतरतो आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे पाच-सहा घरांची वाडी लागते. शेवटचं घर मथूबायचं. सारवलेलं खळं म्हणजे अंगण, पुढे पडवी, बाजूला गोठा. सत्तरीला आलेली, काटकुळी, कासोटा घातलेली बाई खळ्यात उभी होती आणि मला बघून तिने पहिलं वाक्य म्हटलं ते, "एवढीशी डॉक्टर?"

पडवीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, मांडीवर रेक्झिनची बॅग. कुठेतरी निघालेले दिसत होते. त्यांनी उठून मला नमस्कार केला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "या, बसा. मी जरा घाईत आहे." आणि परत बसले.

गाईचं नाव चंद्री. तिने मला पाहिलं, रवंथ थांबवलं नाही, शेपटीने एक माशी उडवली. मी ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. इतकी निरोगी गाय मी त्या महिन्यात पाहिली नव्हती. तसं सांगितलं आणि बॅग उचलली.

"वायच रव," मथूबाय म्हणाली. "फळ तापता."

वायच म्हणजे थोडंसं. पण मथूबायचं वायच कुठे संपतं ते आजवर कोणालाच कळलेलं नाही. मी म्हटलं, मला अजून दोन गावं करायची आहेत. ती म्हणाली, गावं खंय पळतत? मी म्हटलं, फळ तसंच द्या, गाडीवर खाईन. तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कच्चा मासा मागितला होता.

"थंड फळ बोटीर खातत. घरात खावचां तां गरम." यात बोट कुठून आली ते मला कळलं नाही.

मग ती चुलीपुढे पाटावर बसली. हे काम ती कसं करते ते पाहण्यासारखं आहे. चुलीत जाळ नसतो, नुसते निखारे. त्यावर बिडाचा तवा. अननसाच्या जाड फोडी तव्यावर मांडते आणि मग काहीही करत नाही. ढवळत नाही, दाबत नाही, हलवत नाही. तूप नाही, साखर नाही. फळाला स्वतःचंच पाणी सुटतं, ते आटतं, फोडीची कड तांबूस होते आणि सगळ्या घरात असा वास पसरतो की गोठ्यातली गायसुद्धा मान वळवते. मग एकदा उलटवायचं आणि पुन्हा थांबायचं. तोवर तुमच्या सगळ्या चौकशा होतात. लग्न झालं की नाही, का नाही, आई काय म्हणते, कराडला मासे मिळतात का, मिळत नाहीत तर तुम्ही माणसं जगता कशाला.

चीजचा तर वेगळाच सोहळा. ऊन दुधात लिंबू पिळायचं, फुटलेलं दूध धुवट पंच्यात बांधायचं, वर वरवंटा ठेवायचा, मग मीठ चोळून चार दिवस मडक्यात. मी दुधाचं शास्त्र शिकलेली, म्हणून पहिल्या दिवशी जरा शहाणपणाने म्हटलं, "मावशी, हे तर दाबलेलं पनीर झालं."

"पनीर तुमच्या हाटेलात. ह्यां चीज."

गावात याला चीज म्हणणारी ती आणि तिचे यजमान एवढीच माणसं होती. बाकीचे 'मथूबायचा नासक्या दुधाचा गोळा' म्हणत आणि वर दुसरा तुकडा मागून घेत. माझ्या आजीच्या तोंडी सारखं असायचं, कष्टाचं चीज झालं पाहिजे. मथूबायच्या घरी कष्टाचं खरोखरच चीज व्हायचं आणि कष्टाचं फळही, दोन्ही एकाच बशीत.

मी खाल्लं. गरम, आंबटगोड फोड आणि तिला टेकलेला, कडेने किंचित वितळलेला खारट तुकडा, वर मिऱ्याची पूड. दोन गावं त्या दिवशी राहिली.

हळूहळू मला तिच्या कथा कळत गेल्या. शेजारच्या घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या ताटातली केळी मथूबायने उचलली आणि तव्यावर टाकली. भटजी पोथी वाचायचे थांबले. "अगो मथूबाय, देवाला गरम केळी?" तर म्हणे, "देव काय बोटीर नोकरीक आसा?" भटजींनी पोथी पुढे चालू केली. शेवटी त्यांनी दोन केळी पंच्यात बांधून घरी नेली, असं ऐकते.

एकदा बचत गटातल्या बायकांनी तिला तालुक्याच्या पाककला स्पर्धेला नेलं. बाकीच्यांची ताटं सजवलेली, मोदकांवर केशराच्या काड्या, मुळ्याची कोरलेली फुलं. मथूबायच्या टेबलावर शेगडी, तवा आणि चिकू. परीक्षक बाई आल्या. "तुमची डिश कुठे आहे?" मथूबायने खुर्ची पुढे सरकवली. "बस. फळ तापता." परीक्षक बाई बसल्या. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा चिकू अजून तव्यावरच होते आणि परीक्षक बाई स्वतःच्या सुनेबद्दल सांगत होत्या. पदार्थ वेळेत झाला नाही म्हणून मथूबाय स्पर्धेतून बाद झाली. येताना गाडीत सगळ्या जणी हळहळल्या, तर ही म्हणते, "माका बक्षीस नको. त्या बायन सगळ्यांत कोणाची बशी चाटून पुसून खाल्ल्यान, तां सांगा."

तोंडवलीच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला निघालेलं एक पुण्याचं जोडपं वाट चुकलं आणि रस्ता विचारायला तिच्या खळ्यात थांबलं. त्यांनी सूर्यास्त मथूबायच्या पडवीतूनच पाहिला, हातात गरम पपई घेऊन.

माझ्यासाठी मात्र परिस्थिती हसण्याच्या पलीकडे गेली होती, कारण चंद्री सारखी आजारी पडू लागली. "डॉक्टर, गाय माझ्याकडे बघना नाय." "डॉक्टर, गायीन उसासो टाकल्यान." "डॉक्टर, गाय काल वाकडी निजली." आणि हे फोन नेहमी दुपार कलली की यायचे. मी पोचायची तेव्हा उन्हं उतरलेली असायची, चंद्री मजेत असायची आणि पडवीत ते गृहस्थ, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन बसलेले असायचे. दर वेळी ते उठून नमस्कार करायचे. दर वेळी घाईत असायचे.

एके दिवशी मी वैतागले. थर्मामीटर झटकत म्हटलं, "मावशी, चंद्री तुमच्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे. तुम्ही मला उगाच का बोलावता?"

मथूबायने पडवीकडे पाहिलं, मग माझा हात धरून मला गोठ्यात आत घेतलं.

"ह्ये रोज जावक निघतत," ती म्हणाली.

"कुठे?"

"बोटीर."

मग तिने सांगितलं. भाऊ, तिचे यजमान, आयुष्यभर मालवाहू बोटींवर कुक होते. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. निवृत्त होऊन आले आणि काही वर्षं बरी गेली. मग एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यातून पुसली जाऊ लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग ठाण्याला असलेल्या मुलीचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही, सांभाळा. सगळं पुसलं गेलं, एक गोष्ट तेवढी राहिली. रोज उन्हं उतरली की त्यांना वाटतं, आपली सुट्टी आज संपली. उद्या बोट सुटणार. मुंबईची गाडी पकडायला हवी. ते अंघोळ करतात, बूट पुसतात, बॅग भरतात आणि निघतात.

"अडवलंय तर ऐकनत नाय. रागावतत. माझी नोकरी जायत, म्हणतत. पण चार माणसां बसलेली दिसली काय उठनत नाय. पाव्हण्यांक सोडून जावचां बरां दिसना नाय ना! आणि चुलीर फळ आसलां तर रवतत. बोटीर फळां बर्फाच्या खोलीतली, दातांक झोंबतली. सुट्टीर इले काय पयल्याच दिवशी तवो काढीत. गरम फळ आणि चीज. ह्येंनीच माका शिकवलां. तेचो वास इलो काय बसतत. खातत. आणि खावन झालां काय बोट इसारतत. मगे बूट काढतत आणि निजतत."

मथूबायने चंद्रीच्या पाठीवर हात फिरवला.

"रोज माणसां खंयसून आणू? म्हणान गाय आजारी पडता."

त्या दिवसापासून मला चंद्रीच्या आजाराची फार काळजी वाटू लागली. वाटेवरचं काम आटोपलं की मी तिकडे वळायची. पडवीत बसायची. भाऊ मला विचारायचे, कुठल्या बोटीवर आहात? मी म्हणायची, जनावरांच्या. ते मान डोलवायचे. जनावरं नेणाऱ्या बोटी त्यांनी पाहिल्या होत्या. वास फार, म्हणायचे.

मग चंद्री गाभण राहिली. दूध आटलं तेव्हा मथूबाय शेजारून दूध आणायची, पण मडकं रिकामं राहू दिलं नाही. थंडीचे दिवस आले, पेरू झाडावर पिवळे झाले आणि चंद्रीचे दिवस भरले.

त्या दुपारी आलेला फोन फार छोटा होता. "डॉक्टर, ये."

ना रुसवा, ना उसासा. मी समजले, आज गाय खरंच अडली आहे.

गेले तर चंद्री आडवी पडलेली, धापा टाकत होती. वासराचा एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा आतच मागे दुमडलेला. असं झालं की ओढून चालत नाही. वासराला आधी आत ढकलावं लागतं, हात घालून तो पाय शोधावा लागतो, खुराला तळव्याने झाकून अलगद पुढे आणावा लागतो. त्यात गाय कळा देत असते आणि आपला हात तिच्या हाडांत चिरडत असतो. शेजारपाजार सगळा जत्रेला गेलेला. मथूबायने गाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी बोलत राहिली. मी दोनदा पाय पकडला, दोनदा निसटला. तिसऱ्या खेपेला तो पुढे आला. मग दोघींनी मिळून दोर धरला, चंद्रीच्या कळेबरोबर ओढलं आणि ओली, तांबडी, लटलटणारी कालवड पेंढ्यावर पडली. काही क्षण ती हललीच नाही. मी तिच्या नाकातला चिकटा काढला, पेंढ्याने छाती चोळली. ती शिंकली.

"चेडू झालां," मथूबाय म्हणाली आणि पदराने तोंड पुसून हसली. मग अचानक तिचं हसू थांबलं.

गोठ्याच्या दारातून येणारं ऊन पिवळं झालं होतं.

आम्ही बाहेर आलो. पडवी रिकामी होती. बूट नव्हते. बॅग नव्हती.

मी वाटेकडे धावले. हाका मारल्या. वाडीत माणूस नव्हतं. मागे वळून पाहते तर मथूबाय खळ्यात नाहीच. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. आत गेले तर ही बाई पिशवीत वातीचा स्टोव्ह भरत होती, तवा, सुरी, उलथणं, बशी भरत होती, पेरू निवडत होती.

"मावशी! आता फळं कसली? आधी त्यांना शोधायला हवं!"

"शोधूक कित्या व्हयां? कट्ट्याक गेले आसतले, मुंबयच्या गाडीक." मडक्यातून चीज काढून तिने ते केळीच्या पानात गुंडाळलं. "हाताक धरून ओढलां तर येवचे नाय ते. तू गाडी काढ."

स्कूटरवर ती माझ्या मागे बसली, पिशवी छातीशी धरून. माझ्या कोपरापर्यंत रक्त वाळलेलं होतं, तिच्या लुगड्यावर पेंढा होता. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, इथेच कुठेतरी पडलेले दिसतील.

पण भाऊ पडले नव्हते. कट्ट्याच्या बसथांब्यावर, बाकाच्या टोकाला ताठ बसले होते. बॅग मांडीवर. एवढी वाट चालूनही बूट रुमालाने पुसलेले दिसत होते. मला बघून उठले, नमस्कार केला. मथूबायलाही केला. तिच्याकडे बघून म्हणाले, "तुमी पण मुंबयक?"

"व्हय," मथूबाय म्हणाली. "गाडी येयपर्यंत वायच खावन घेवया."

थांब्याच्या ओट्यावर तिने स्टोव्ह ठेवला. काडी पेटेना. तिसऱ्या काडीला वात पेटली. तवा ठेवला, पेरूच्या फोडी टाकल्या. आजूबाजूला बाजारातली माणसं थांबली. एकाने विचारलं, मथूबाय, हॉटेल काढलंस काय गो? इतकी वर्षं जी बाई तव्यापुढे नुसती बसून राहायची, ती आज फोडी ढवळत होती, दाबत होती, वात मोठी करत होती. गाडीच्या आधी फळ तापायला हवं होतं. फोडी तव्याला चिकटल्या. धूर निघाला. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. धुराचंच असेल, म्हणून मी पुढे झाले नाही.

भाऊ बाकावरून बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. एकदा ते नुसते चुळबुळले. मग राहवेना.

"ओ बाय, आग कमी करा. करपता तां."

मथूबायने मान वर केली.

"सरा वायच," भाऊ म्हणाले. त्यांनी बॅग बाकावर ठेवली. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, एकसारख्या, कोपराच्या वर. वात खाली केली. तवा उचलून बाजूला धरला, करपलेल्या फोडी काढून टाकल्या, रुमालाने तवा पुसला. पुन्हा ठेवला. नव्या फोडी एकेक करून मांडल्या आणि हात मागे घेऊन थांबले. मुलीचं नाव विसरलेल्या माणसाचे ते हात काहीच विसरले नव्हते. "सुरी?" त्यांनी न बघता हात पुढे केला. मथूबायने सुरी दिली. चीजचे त्यांनी पातळ काप केले, तिच्यापेक्षा कितीतरी पातळ, आणि फोडी उलटवल्यावर वर ठेवले, म्हणजे ते फळाच्या उबेने सैल होतील. मग बशी घेतली. बशी मथूबायपुढे धरली.

"तुमी बसा. पयली बशी तुमका."

मथूबाय उभीच होती. लोकांना खुर्चीवर, पाटावर, पायरीवर बसवणारी ही बाई, तिला कसं बसायचं ते जणू कळेना. मी तिचा दंड धरून तिला बाकावर बसवलं. तिने एक फोड उचलली, तोंडात घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतके दिवस मी तिच्या घरी खात होते, पण तिला खाताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

गाडी आली. कंडक्टर दारातून ओरडला, "मुंबई, मुंबई! काका, चढताय ना?"

भाऊंनी उलथणं हलवलं. "सर्व्हिस चालू आसा, दिसना नाय? फुडच्या गाडीन येतंय."

गाडी गेली. त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. थांब्यावरच्या माणसांना एकेक फोड वाढत राहिले. सगळे पेरू संपले तेव्हा त्यांनी तवा पुसला, बाह्या खाली केल्या आणि दमल्यासारखे बसून राहिले. रिक्षा आणली तेव्हा मुकाट्याने चढले आणि मथूबायच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेले.

रिक्षा सुटायच्या आधी मथूबायने मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "लग्न होवन ह्या घरात इलंय, तेवापासून मी सगळ्यांका वाढतंय. सासू, दीर, नणंदा, पोर, पाव्हणे. माका बसवन कोणी वाढलां आसात, तर ह्येंनी. सुट्टीर इले काय सगळ्यांची जेवणां झाल्यार माका पाटार बसवीत आणि स्वता तव्याकडे जात. वर्षातले तेवढेच दिवस." मग म्हणाली, "आज किती वर्सांनी."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या वेळी मथूबाय चुलीपुढे बसली नाही. तिने तवा, सुरी, फळं आणि चीज पडवीत नेऊन भाऊंच्या समोर ठेवलं आणि स्वतः पलीकडे जाऊन बसली. भाऊ बराच वेळ बॅग धरून बसले होते. मग त्यांनी तव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बाह्या दुमडल्या.

आता ते रोजचंच झालंय. बोट आणि पडवी यांतला फरक भाऊंच्या डोक्यातून गेला आहे. ते कामावर आहेत. आम्ही जाऊ ते त्यांचे खलाशी. एखाद्या दिवशी अजूनही अस्वस्थ होतात, बॅग शोधतात, एकदोनदा वाटेपर्यंत गेलेही. मथूबाय मागून हाक मारते, "ओ कुक, पाव्हणे उपाशी आसत," की परततात. मथूबायला त्यांचं फळ पटत नाही, ती माझ्या कानात सांगते, हल्ली आग जास्त करतत. पण बशी रिकामी करून पुढे धरते. चंद्री हल्ली आजारी पडत नाही. मी तशीच जाते, बोलावल्याशिवाय.

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा पहिला रायवळ आंबा पडला होता. भाऊंनी त्याच्या फोडी तापवल्या, बशी मथूबायला दिली आणि समोर बसून तिला खाताना बघत राहिले. मग आदबीने विचारलं,

"तुमचे मालक खंय आसत?"

मथूबायने फोड खाली ठेवली नाही. "बोटीर," ती म्हणाली.

"खंयच्या कामाक?"

"कुक आसत."

भाऊंचा चेहरा उजळला. "मगे काय काळजी? कुकाक बोटीर कोण उपाशी ठेवना नाय." थोडा वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी तव्यावरची शेवटची फोड उचलून तिच्या बशीत घातली.

"येतले ना?" मथूबायने विचारलं.

"येतले गो," भाऊ म्हणाले. "घर आसलेलो माणूस थंय किती दिवस रवतलो?"